मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतरचे काढ्याचे बसणे
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात झालेले भाषण)



उत्सवाच्या मांडवात मूळव्याधीवर बोलणे थोडे अवघडच. पण हे दुखणे लाजेपायीच बळावते, म्हणून लाज घटकाभर बाजूस ठेवतो.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन व मॉर्गन यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया आजही चालते. तीत मोड कापल्यावर जखम शिवत नाहीत, उघडी ठेवतात. ती भरायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, आणि शौच तर रोज त्याच वाटेने व्हायचे! घरी आलेल्या रोग्याला धास्ती असते ती याची.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी या भीतीने तीन दिवस जेवणच सोडले. मळाचा खडा झाला, जखम उलली. त्यावर कोणाच्या तरी सल्ल्याने तुरटी घातलेल्या कढत काढ्यात बसले, आणि कातडी भाजून घेतली. काढा बिचारा निर्दोष होता.

सुश्रुतसंहितेत अर्शावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय आहेत. कर्म झाल्यावर रोग्याला ऊन पाण्यात बसवावे, असेही तेथे सांगितले आहे. आजचे सर्जनही तेच सांगतात. उबेने आवळलेला स्नायू सैलावतो, ठणका उतरतो, जागा स्वच्छ राहते. माझ्या मते पहिले काम पाण्याचे, सालींचे त्यानंतर. वड, उंबर, पिंपळ, पायर व पारसपिंपळ या पाच साली म्हणजे पंचवल्कल. (वडावरून नाव पडलेल्या आपल्या वडोदऱ्यात पहिलीची वाण नाही!) त्यांतील तुरट द्रव्याने स्राव आटतो. त्रिफळ्याचा काढाही चालतो.

काढा रोज ताजा करावा, स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळावा; सालीचा कण जखमेत राहता कामा नये. मग तो पसरट टबातल्या कोमट पाण्यात मिसळावा. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी जसे कोपराने पाहतात, तसेच हेही पाहावे. दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर बसावे. नंतर जागा टिपावी, पुसू नये. पोटात मात्र पालेभाजी, भरपूर पाणी, रात्री इसबगोल जायलाच हवे. रक्त थांबेना, ताप आला किंवा लघवी अडली, तर काढा उकळीत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला गाठा.

ते गृहस्थ सहाव्या आठवड्यात आले आणि खुर्चीवर बसून बोलले. तोवर माझ्या दवाखान्यात ते उभेच राहत असत.