सार्वजनिक क्रीडांगण आणि आपला हक्क
(पिंपरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय क्रीडांगणाचा आहे हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वकिलाने नोकरी, जमीन, शिष्यवृत्ती यांवर बोलावे. मैदानाशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्या हक्कांच्या लढ्याइतकाच जुना आहे.

1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. कागदावरचा हा हक्क 1927 साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर बजावला. पुढे राज्यघटनेच्या 15 व्या कलमाने, राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेला वाहिलेल्या विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणासही आडकाठी करता येणार नाही, असे ठरवून दिले. नगरपालिकेचे क्रीडांगण ही अशीच जागा होय. ते कोणाची कृपा नव्हे, आपल्या करातून उभे राहिलेले सामाईक धन आहे.

मैदानावर प्रवेश मिळाला म्हणजे सर्व मिळाले असेही नाही. पळवणकर बाळू यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. चर्मकार कुटुंबातील हा तरुण पुण्यात युरोपियनांच्या क्लबातील मैदानाची निगा राखी आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकी. त्यांची गोलंदाजी पाहून हिंदू संघाने त्यांना आपल्यात घेतले. परंतु खेळ थांबला की चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता!

आता याच काळातील कोल्हापूर पाहा. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घेत. 1902 साली महाराज राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते. त्याच प्रवासाच्या काळात, 26 जुलै रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला. त्याच युरोपयात्रेत रोमचे प्राचीन वर्तुळाकार रंगण पाहून कुस्तीचे मैदान बांधण्याची कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. 1907 मध्ये खासबाग मैदानाचे काम सुरू झाले व 1912 मध्ये ते पुरे झाले. मधोमध आखाडा, आणि त्याच्या भोवती चहूबाजूंनी चढत जाणारा मातीचा उतार. हजारो माणसे बसली तरी कोणाच्याही दृष्टीआड खांब येत नाही. शेवटच्या रांगेतल्या हमालालाही पकड दिसते. या रचनेतच एक न्याय आहे, असे मला वाटते.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री खासबागेला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले आणि मैदानाच्या बाजूलाही झळ पोहोचली. सारे कोल्हापूर हळहळले, ते साहजिकच होते. परंतु आगीपेक्षा सावकाश चालणारा नाश अधिक घातक असतो. मातीच्या उतारावर पावसाचे पाणी साचू लागले की बैठक खचते. आखाड्याची तांबडी माती तेल, ताक, हळद घालून वारंवार खणून राखावी लागते. ती चार महिने तशीच पडली तर दगडासारखी होते. मग कोणीतरी सुचवितो की हे सर्व काँक्रीटने झाकून टाकावे, भोवती दुकानगाळे काढावेत, त्याच्या भाड्यातून देखभाल होईल. असा ‘जीर्णोद्धार’ मला मान्य नाही. जुन्या क्रीडांगणाची दुरुस्ती करताना दोन गोष्टी राखावयाच्या असतात: त्याची मूळ रचना, आणि तेथे बसणारा गरीब प्रेक्षक. दुसरी गोष्ट गेली तर पहिली राखून काय उपयोग?

हे सांगण्यास मी पिंपरीत आलो, कारण आपल्या नेहरूनगरातही एक क्रीडांगण आहे. 1970 साली स्थापन झालेल्या येथील नगरपालिकेचे पहिले नगराध्यक्ष अण्णासाहेब मगर यांचे नाव त्याला दिले गेले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने ज्या कामगारवस्त्या वाढल्या, त्यांतील मुलांना खेळायला खाजगी क्लब कोठून मिळणार? 2020 साली कोरोनाच्या साथीत याच मैदानावर जंबो रुग्णालय उभारण्यात आले. प्राण वाचविण्यासाठी केलेले ते काम योग्यच होते. मात्र संकटकाळी दिलेली जागा संकट सरल्यावर मूळ कामाकडे परत आली पाहिजे, एवढा आग्रह आपण धरलाच पाहिजे.

कायदा येथे आपल्या बाजूस आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या 22 व्या कलमात विकास आराखड्यातील विषय सांगितले आहेत. त्यांत क्रीडांगणे व स्टेडियम यांचा नावाने उल्लेख आहे, तसाच ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचाही. मंजूर आराखड्यात 37 व्या कलमाखाली बदल करावयाचा झाल्यास आधी सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. बंगळूरच्या एका वस्तीतील उद्यानाची जागा खाजगी शुश्रूषागृहासाठी देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरविले आणि दाद मागण्याचा रहिवाशांचा अधिकार मान्य केला. रुग्णालय चांगलेच, पण मोकळ्या जागेच्या मोबदल्यात नव्हे, हा त्या निकालाचा मथितार्थ.

तेव्हा आपण काय करावे? महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपल्या प्रभागाचा नकाशा पाहावा व मैदानावरील आरक्षण टिपून घ्यावे. दुरुस्तीचा ठराव, अंदाजपत्रक आणि मैदान कोणास किती वर्षांसाठी चालवावयास दिले आहे त्याचा करार, ही कागदपत्रे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करून मागता येतात. कराराच्या अटींत प्रवेशशुल्क काय ठेवले आहे ते प्रथम वाचावे. आजकाल दारावर जात विचारीत नाहीत, पावती विचारतात. हरकत तोंडी सांगू नये. ती लिहून दोन प्रतींत द्यावी, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि तिच्याखाली वस्तीतील स्त्रियांच्याही सह्या असाव्यात. मुलींना मैदानात खेळावयास जागा उरते की नाही, हे त्यांच्याइतके कोणी पाहिलेले नसते.