गोठविलेलें दहीं आणि येतें वर्ष

श्रोतेहो, पाडवा चार दिवसांवर आला आहे. नव्या वर्षाच्या आरंभीं मनुष्यानें मोठमोठ्या आकांक्षा बोलून दाखवाव्या अशी वहिवाट आहे. माझी आकांक्षा मात्र वाटीभरच आहे. मी एक मॅट्रिक झालेला, सेवेंतून निवृत्त झालेला शाळामास्तर. आणि साठी उलटल्यावर मला गोठविलेल्या दह्याचें वेड लागलें आहे. फ्रोझन योगर्ट या नांवानें तें आपणांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. "सणासुदीला श्रीखंड सोडून हें कसलें गारठलेलें ताक?" असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें, तें मी निमूटपणें ऐकून घेत आलों आहें.

हें वेड मला परक्या मुलखांत जडलें. २०१८ सालीं मी कॅलिफोर्नियांत मुलाकडे गेलों होतों. नात तेव्हां चार वर्षांची. तिला मराठी समजे, पण बोलण्याचा कंटाळा. मला इंग्रजी बोलतां येई, पण तें तिला समजत नसे! अशा दोघांस एकत्र बसविणारी जागा म्हणजे कोपऱ्यावरचें दह्याचें दुकान. भिंतींत यंत्रें बसविलेलीं. आपणच दांडा ओढून वाटींत दहीं घ्यावें, वर फळांचे तुकडे घालावे, आणि शेवटीं सारें तराजूवर ठेवून वजनाप्रमाणें दाम द्यावे. आंकडा कोठें थांबेल याची आम्ही पैज लावीत असूं. माझा जन्म गणित शिकविण्यांत गेला, तरी बहुधा तीच जिंके.

अमेरिकेंतहि हा पदार्थ फार जुना नाहीं. १९७० च्या दशकांत न्यू इंग्लंडमधील हूड या दुग्धव्यवसायी कंपनीनें तो 'फ्रोगर्ट' या नांवानें विकावयास काढला. १९८१ सालीं आर्कान्सॉ राज्यांतील लिटल रॉक येथें टीसीबीवायचें पहिलें दुकान निघालें. त्या काळच्या गिऱ्हाइकांस आंबटपणा नको होता. म्हणून साखर वाढली आणि दहीं आइस्क्रीमची बतावणी करूं लागलें. पुढें २००५ सालीं वेस्ट हॉलीवुड येथें पिंकबेरीनें आंबट चव परत आणली. माझ्या मतें दह्याची अब्रू राहिली ती तेव्हां.

आमच्या पेठेजवळहि असें एक दुकान निघालें होतें. दोन उन्हाळे चाललें आणि बंद पडलें. तेथील माल इतका गोड असे कीं त्याला दहीं म्हणण्यास जीभ धजत नसे. येत्या वर्षीं कोणी नवें दुकान काढलेंच, तर त्यानें दह्यास आंबट राहूं द्यावें, ही माझी पहिली मागणी. दुसरी अशी कीं तें जिवंत असावें. थंडीनें दह्यांतील जीवाणू बहुतांशीं मरत नाहींत, निजतात; पोटांतील ऊब लागली कीं जागे होतात. त्यांना मारते ती उष्णता. विरजल्यानंतर तापविलेलें दहीं आंबट लागेल, पण तें निर्जीव. म्हणून अमेरिकेंत जिवंत दह्यासाठीं एक मुद्रा ठरविलेली आहे. गोठविलेल्या दह्यांत बनवितेवेळीं दर ग्रॅमला निदान १ कोटी जीवाणू असले तरच ती डब्यावर छापतां येते. आपल्याकडे दुकानदारास हें विचारलें तर तो आपल्याच तोंडाकडे पाहतो.

परंतु दुकानांवर किती विसंबावें? माझी खरी आशा घरांतलीच आहे. नात २०२३ सालीं येथें आली होती. तीन आठवडे तिनें धड कांहीं खाल्लें नाहीं. आजीनें रोज नवा पदार्थ करावा आणि मुलीनें पान तसेंच सोडून उठावें. जातांना ती वाळून गेली होती, आणि तिची आजी कित्येक दिवस कोणाशीं बोलली नाहीं. येत्या मे महिन्यांत ती पुन्हां येणार आहे.

तेव्हां मी प्रयोग आरंभिले. घरचें दहीं डब्यांत भरून शीतकपाटांत ठेवलें, सकाळीं दगड! नुसतेंच ठेवलें म्हणजे दह्यांतील पाण्याचे मोठे स्फटिक होतात. घुसळीत राहिलें तर ते बारीक राहतात आणि हवाहि मिसळते. दुसऱ्या खेपेस, मला मधुमेह असल्यामुळें, साखर अर्धी केली. दगड अधिकच कठीण झाला. साखरेमुळें पाण्याचा गोठण्याचा बिंदु खालीं जातो, हें मुलांकडून पाठ करवून घेणाऱ्या मास्तरास ऐन वेळीं आठवलें नाहीं.

आतां माळ्यावरून जुना आइस्क्रीमचा पॉट काढला आहे. लांकडी बादली, आंत पत्र्याचा डबा, भोंवतीं बर्फ आणि खडेमीठ. बर्फांत मीठ घातलें कीं थंडी शून्याच्या बरीच खालीं उतरते. प्रमाण नेमकें जमलें तर उणे २१ अंशांपर्यंत. दहीं फडक्यांत दोन तासच टांगावयाचें, कारण पुरतें निथळलें कीं त्याचा चक्का होतो आणि मग तें श्रीखंडाच्याच वाटेला लागतें. साखर हात न आखडतां घालावयाची. माझ्या वांट्याला दोन चमचे, असा डॉक्टरांशीं तह झाला आहे. पॉटचा दांडा मात्र गंजून अडतो. त्यास तेल दिलें आहे.

विरजणाची बाब कुटुंबाकडे. काल रात्रीं नेहमींच्या पातेल्याऐवजीं मोठें पातेलें विरजलेलें दिसलें. मीं कारण विचारलें नाहीं. पाडव्याला पहिला घाणा काढूं. श्रीखंडहि होणारच आहे. त्याबाबत आमच्या घरांत वाटाघाट होत नसते.