बॅटरीला पाणी कोणतं आणि किती?

तायांनो, गटाची गाडी सकाळी सुरू झाली नाही तर भाजी बांधावरच राहते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून महिन्यातून एकदा बॅटरीचं पाणी बघा.

चार्ज होताना पाणी कमी होतं, ॲसिड आतच राहतं. तेव्हा भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी मुळीच नको, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.

गाडी बंद करा, बांगड्या-पाटल्या काढा, पदर खोचा, मग झाकणं उघडा. जवळ काडी ओढू नका, आतला गॅस पेट घेतो. प्लेटा बुडालेल्या हव्यात. पाणी वरच्या खुणेपर्यंतच. काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. सीलबंद बॅटरी मात्र उघडायची नाही.