मुरगाव : बंदर आणि बोली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला भूगोल शिकवला तो मुरगावच्या टेकडीवर उभे करून. तेव्हा भाषेच्या अध्यापकाने आज बंदराविषयी बोलावे, हे त्यांना खचितच रुचले असते.

जुवारीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी १६२४ मध्ये किल्ल्याचा पाया घातला. १६८३ च्या संभाजीराजांच्या स्वारीनंतर राजधानीच येथे हलवण्याचा घाट घातला गेला. तो तडीस गेला नाही. पुढे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर बंदर आणि लोहमार्ग उभे राहिले. कॅसलरॉकमार्गे घाटमाथा समुद्राशी जोडला गेला. १९६१ च्या मुक्तीनंतर मुरगाव देशाच्या प्रमुख बंदरांत गणले जाऊ लागले. मांडवी-जुवारीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जांवर कित्येक घरांचे संसार उभे राहिले.

अशाच एका घरातला मुलगा माझ्या वर्गात होता. वडील बार्जवर खलाशी. त्याने घराविषयी लिहिलेल्या निबंधातील 'सुकती' खोडून मी 'ओहोटी' लिहिले. 'तांडेल' खोडून 'नौकाप्रमुख'. शेजारी तांबड्या शाईने शेरा दिला : 'भाषा शुद्ध असावी.' गंमत अशी, की त्याच निबंधातला 'बंदर' हा फारसी शब्द मला मुळीच खटकला नव्हता! त्या मुलाने पुन्हा घराविषयी कधी लिहिले नाही.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यानंतर तो मला भेटला. म्हणाला, "सर, बाबांची बार्ज मोडीत गेली. बाबाही गेले. आता मुलाला सुकती म्हणजे काय ते सांगावे लागते."

मी निरुत्तर झालो. बंदराची वाढ आपण टनांत मोजतो. कोळशाच्या धुळीवरून वाद घालतो आणि तो घातलाच पाहिजे. परंतु त्या पाण्यावर जगलेल्या माणसांची भाषा हीदेखील राज्याची संपत्ती आहे, याचा हिशेब कोणी ठेवायचा? लिलावांनंतर खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या आहेत. विसरलेले शब्द मात्र लिलावाने परत येत नाहीत.

या शाळेला माझी एकच विनंती आहे. मुलांना आजोबांजवळ बसवा, त्यांचे शब्द वहीत उतरवून घ्या. आणि शिक्षकमित्रहो, त्या वहीत तांबडी शाई वापरू नका. माझ्या हातून झालेली चूक एवढ्याने भरून निघणार नाही, हे मी जाणतो; पण गुरुजींच्या स्मृतीस याहून वेगळे वंदन मला सुचत नाही.