काळी, पांढरी आणि मातीची भिंत



 मातीच्या घरांवरची परिषद वर्ध्यातच का, हे कुणी विचारलं नाही. आठेक किलोमीटरवर सेवाग्रामला बापू कुटी उभी आहे, तीही माती, बांबू आणि कवेलूंची.

‘मातीच्या घराला कायद्याची परवानगी नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. मातीच्या इमारतींसाठीचं भारतीय मानक 13827 हे 1993 पासून आपल्याकडे आहे. भुसा घालून तुडवलेल्या चिखलाचे गोळे थरावर थर थापून उभारलेली भिंत, म्हणजेच आपला कॉब, त्यात धरलेला आहे. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको. म्हणजे दीड फुटी भिंत बारा फुटांपर्यंत. दारं-खिडक्या चार फुटांहून रुंद नकोत, कोपऱ्यापासून किमान तेवढ्या लांब हव्यात. आपल्या जुन्या गवंड्यांनाही हे पटेल.

त्याच 1993 सालच्या 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला आणि माती बदनाम झाली. घरं पडली, माणसं गाडली गेली, हे विसरून चालणार नाही. पण जोडदगड नसलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांनी जड झालेलं माळवद, असं ते बांधकाम होतं. ते पडलं म्हणून नीट बांधलेला कॉबही पडेल, हा निष्कर्ष मला पटत नाही. तरी ग्रामपंचायतीच्या करआकारणीत ‘झोपडी किंवा मातीची इमारत’ एकाच रकान्यात बसते. त्या रकान्यातल्या घरावर कर्ज मागायला बँकेत जाऊन पाहा!

खरी अडचण जागेची. काळीत, म्हणजे शेतात, बांधावं तर ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. शिवाय अकृषिक वापराच्या अटी आहेत, आणि शेतकरी नसलेल्याला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकतही घेता येत नाही. पांढरीत, म्हणजे गावठाणात, माती चांगली, पण जागा उरलेली नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 42 ड ने इथे वाट करून दिली: गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत निवासी दाखवली असेल, तर रूपांतर कर वगैरे भरून ती अकृषिक मानली जाऊ लागली. जागा बघायला निघताना आधी गावचा नकाशा मागा, निसर्गदृश्य नंतर बघा.

दुपारच्या सत्रात निवृत्त तहसीलदार सातबारे तपासून देणार आहेत. ज्यांनी उतारे आणलेत, त्यांनी नोंदणीच्या टेबलावर नाव द्यावं. 13827 च्या मुख्य तरतुदींचं मराठी टिपण पिशवीत आहे. आपल्या तालुक्याच्या अभियंत्यालाही त्याची एक प्रत द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. उद्या सकाळी चिखल तुडवायचा आहे, तेव्हा चांगले कपडे आजच घालून घ्या.

आता उद्घाटकांनी पुढची सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.