एका प्रतीचं पुस्तक
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तुझ्या फोटोग्राफीवर काहीतरी बोल," असं संयोजकांनी सांगितलं. पण मी बोलणार आहे एका पुस्तकाबद्दल. ते मीच केलं आणि त्याची पहिली आवृत्ती एका प्रतीची होती.

चार वर्षांपूर्वी आमचं गावचं घर विकलं. त्याआधी दोन दिवस मी तिथे नुसते फोटो काढत होते. माजघर, विहिरीचा रहाट, माळ्यावरची पितळी भांडी. आठ-नऊशे फोटो हार्डडिस्कवर गेले आणि तिथेच पडून राहिले. आई मोबाईलवर फोटो बघत नाही. म्हणते, "बोट लागलं की पळून जातात."

म्हणून पुस्तक करायचं ठरवलं. छापखान्यात पहिला प्रश्न आला, "किती प्रती?" ऑफसेटला प्लेट बनवाव्या लागतात. तो खर्च पाचशे-हजार प्रतींवर वाटला गेला तरच परवडतो. एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने १९६३ साली पेट्रोल पंपांच्या २६ फोटोंचं पुस्तक स्वतःच काढलं, तेव्हाही ४०० प्रती छापल्या होत्या. मला हवी होती एक!

ती सोय 'प्रिंट ऑन डिमांड'मध्ये मिळाली. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही. आपण पीडीएफ पाठवायची, मागणी येईल तेवढ्याच प्रती छापल्या जातात. एक प्रत महाग पडते, हे खरं. पण न खपलेले गठ्ठे पलंगाखाली ठेवावे लागत नाहीत.

मला वाटलं, आपण सॉफ्टवेअरवाले, एका रविवारचं काम. प्रत्यक्षात नऊशेतून साठ फोटो निवडायलाच दोन महिने गेले. आणि प्रत आली तेव्हा माझी इंजिनिअरिंगची पदवी कुठे लपवू असं झालं. माजघराचे फोटो काळेकुट्ट. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही, आणि मी स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम केलं होतं. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. मोबाईलवरून मोबाईलवर फिरत आलेला भावाचा फोटो जेमतेम १६०० पिक्सेलचा, म्हणजे पाच इंचांपुरता. तो मी पानभर ताणला होता. सगळ्यात वाईट म्हणजे दोन पानांवर पसरलेल्या फोटोत आईचा अर्धा चेहरा बांधणीत गेला होता.

तरीही आईने पुस्तक मांडीवर घेतलं. एकेका पानावर बोट ठेवत ती पुढे गेली आणि एका जुन्या फोटोशी थांबली. ओसरीवर सहा बायका उभ्या आहेत. मी खाली लिहिलं होतं, 'घरातल्या बायका.'

"यांना नावं नाहीत का?" आई म्हणाली.

तिने पाच नावं सांगितली. सहावीपाशी अडली. "हिला सगळे मावशीच म्हणायचे गं." मग मी नातेवाइकांना फोन केले. मावशींच्या हातच्या पुरणपोळ्या सगळ्यांना आठवत होत्या. नाव कुणालाच आठवलं नाही.

दुसऱ्या प्रतीत फोटो उजळले, आईचा चेहरा एका पानावर आला आणि त्या फोटोखाली पाच नावं छापली. सहाव्या जागी 'मावशी' एवढंच आहे. नाव कळलं तर फाइलमध्ये एक ओळ बदलून तिसरी प्रत काढता येईल. माझ्या लेखी या छपाईचा सगळ्यात मोठा फायदा हाच. फक्त सांगणारं माणूस हवं.

आता आपल्याबद्दल. दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो अनेकांकडे असेल. मागच्या रांगेतली सगळी नावं सांगता येतील? मला नाही आली. काल रात्री प्रयत्न केला, चार अडली. पण आपले सर आणि बाई आज इथे समोर बसले आहेत, आणि त्यांना आपल्या खोड्यांसकट हजेरीपट पाठ आहे.

तेव्हा विनंती अशी. घरी जाऊन शाळेचे जुने फोटो शोधा. फोटोचा मोबाईलवर फोटो काढू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करा. सहा बाय चारचा फोटो मग बारा बाय आठपर्यंत नीट छापता येतो. सोबत साल, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे नावं लिहा. पानं लावायचं काम माझं. पहिली प्रत आपण सर आणि बाईंकडे देऊ, हातात लाल पेन देऊन. चुका काढायची त्यांना सवय आहेच!