जन्मावरून ठरलेला संशय



वंशभेद म्हटला की दक्षिण आफ्रिका किंवा अमेरिका डोळ्यांपुढे येते. शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस जगभर वांशिक भेदभाव निर्मूलन दिन म्हणून पाळला जातो. खानदेशाला मात्र हा विषय समजून घेण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावी भिक्षेसाठी गेले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची निराधार अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून पसरली होती. जमावाने या पाच जणांना धरले, ग्रामपंचायत कार्यालयाच्या खोलीत नेले आणि तेथे ते मरेपर्यंत मारले. धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये सात आरोपींना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

या घटनेचा सगळा दोष अफवेच्या माथी मारणे सोयीचे आहे. परंतु अफवा ऐकल्यावर बोट कोणाकडे वळले, हेही पाहिले पाहिजे. त्याच बाजारात परगावचे व्यापारी असतील, एस.टी.चे प्रवासी असतील; त्यांच्याभोवती कडे पडले नाही. ज्याचे गाव कायम नाही, ज्याचा वेश वेगळा आहे, जो दारोदार फिरतो, त्याच्यावर संशय आधीपासूनच बसलेला होता. अफवेने त्याला केवळ निमित्त पुरविले.

हा संशय कोठून आला, याचा इतिहास कागदोपत्री उपलब्ध आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा सातपुड्यातील भिल्लांशी त्यांचा दीर्घकाळ संघर्ष झाला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव. आपली वने आणि वाटा राखणाऱ्या माणसांना सरकारी दप्तर ‘लुटारू’ म्हणे आणि तीच माणसे सरकारी गणवेशात आली की ‘शूर’ म्हणे! पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. पिढीजात सुतार असतात तसे पिढीजात चोरही असतात, असा त्यामागचा विचार. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यासही लागू करता आला. गुन्हा सिद्ध होण्याची गरज उरली नाही, जन्म पुरेसा झाला. नावनोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गावाबाहेर जाण्यास बंदी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणातील वसाहती, अशी ही व्यवस्था होती. माणसाचा स्वभाव रक्तावरून ठरविणे यालाच वंशवाद म्हणतात. येथे तर त्याला कायद्याचे रूप मिळाले होते.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये मोडीत काढला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, वडार, रामोशी इत्यादी जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मात्र त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. हे कायदे व्यक्तीपुरते आहेत, जमातीला लागू नाहीत, हे खरे. तरीही चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम पालांकडे वळते, हा अनुभव संपला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने २००७ मध्ये हे कायदे रद्द करण्याची शिफारस भारताला केली. समिती ज्या कराराच्या आधारे बोलते, त्यात वंश आणि वर्ण यांच्याबरोबर ‘जन्मपरंपरा’ हा आधारही नमूद आहे. तो शब्द भारताच्याच सूचनेवरून आला, आणि जात त्यात मोडत नाही अशी भूमिकाही भारतानेच घेतली आहे! ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले.

डवरी गोसावी हे गुन्हेगार जमातींच्या नव्हे, भटक्या जमातींच्या यादीतले. परंतु भीतीपोटी एकवटलेला जमाव याद्या वाचत नाही. राईनपाड्याचा परिसर बहुतांशी आदिवासी आहे, ही गोष्टही नजरेआड करू नये. ज्या मुलखातील लोकांना इंग्रजांनी एकेकाळी जन्मजात लुटारू म्हटले, तेथेच हा संशय दुसऱ्यावर उलटला. तो कोणा एका समाजाची मिरास नाही.

उपायांविषयी बोलताना भटक्या समाजांना ओळखपत्रे द्यावीत, अशी मागणी पुढे येते. शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि मतदारयादीतील नाव मिळालेच पाहिजे, आणि त्यासाठी ५० वर्षांपूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागत बसू नये. फिरत्या माणसाने तो आणावा कोठून? परंतु गावात पाऊल टाकताच भटक्यानेच तेवढा कागद दाखवावा, असा दंडक पडला तर १८७१ ची हजेरी वेगळ्या नावाने परत येईल. पंचायतीने पालांची नोंद ठेवावी ती पाणी, शाळा आणि लसीकरण यांच्यासाठी. पाहुणा किती दिवस राहणार हे विचारणे वेगळे आणि चोर कधी जाणार हे विचारणे वेगळे. विचारणाऱ्याच्या स्वरावरूनच समोरच्याला ते कळते.

शिक्षकांकडे एक साधन हाताशी आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही दोन्ही आत्मकथने साहित्य अकादमीची पारितोषिके मिळविलेली आहेत. ती शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहू नयेत. पालांवरचे मूल वर्गात आले, तर हरवलेल्या पेन्सिलीची चौकशी त्याच्यापासून सुरू होते काय, हेही शिक्षकाने पाहावे.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. तथापि पोलीस पोहोचेपर्यंतचा वेळ गावाच्या हाती असतो. त्या वेळात पोलीस पाटील व सरपंच यांनी पोलीस ठाण्याला कळवावे, अनोळखी माणसांना जमावापासून दूर न्यावे आणि ‘मूल कोणाचे हरवले?’ हा प्रश्न मोठ्याने विचारावा. पंचायतीच्या खोलीला आतून कडी असते. ती कोणाच्या रक्षणासाठी लावायची, हे आठवडे बाजाराच्या आदल्या दिवशीच ठरलेले असावे.